श्रेणीप्रमुख

श्रेणीप्रमुख म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांनी स्थापन केलेल्या संघाचा, म्हणजे श्रेणीचा, पुढारी होय. प्राचीन वाङ्मयात यास ज्येष्ठक, मुख्य, श्रेष्ठी अशी नावे आढळतात. मराठा काळात बाजारपेठेपुरते हे काम शेटे आणि महाजन पाहत. युरोपातील अशा संघांस गिल्ड म्हणत. तोच शब्द आज ऑनलाइन भूमिका-खेळांतील खेळाडूंच्या संघांसाठी रूढ असून, तेथेही प्रमुख कोणी नेमावा, त्यास कोणी काढावे आणि कोठाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हे प्रश्न नव्याने उभे राहिले आहेत.

नाशिक आणि जुन्नर येथील लेख

महाराष्ट्रातील श्रेणींचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने लेणे क्रमांक १० मधील भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने, तर १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. केवळ व्याज खर्चावयाचे होते. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ प्रमाणे चीवरासाठी ते नेमके पुरते. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविल्याचेही लेखात म्हटले आहे.

येथे ठेव स्वीकारणारी श्रेणी आहे, व्यक्ती नाही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रमुख बदलला, मरण पावला वा गाव सोडून गेला, तरी देणे श्रेणीच्या माथी राहणारच. अशी व्यवस्था नसती तर राजकुळातील दात्याने पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव विणकरांच्या स्वाधीन केली नसती. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत.

प्रमुखाची निवड

जातककथांत सुतार, लोहार आदींच्या ज्येष्ठकांचे उल्लेख येतात. समुद्दवाणिज जातकात सुतारांच्या १,००० कुटुंबांवर दोन ज्येष्ठक असून प्रत्येकाकडे ५०० कुटुंबे आहेत. मात्र हे पद बहुधा वडिलांकडून मुलाकडे जाई.

स्मृतिग्रंथांत चित्र निराळे दिसते. तेथे समूहाचे काम पाहणाऱ्यांस ‘कार्यचिंतक’ अशी अर्थवाही संज्ञा आहे. बृहस्पतीच्या मते असे कार्यचिंतक दोन, तीन किंवा पाच असावेत. द्वेष्टे, व्यसनी, आळशी, भित्रे, लोभी, अतिवृद्ध आणि अल्पवयीन यांस तो अपात्र ठरवितो. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार कार्यचिंतक धर्म जाणणारे, शुद्ध आचरणाचे आणि निर्लोभी असावेत व त्यांचे वचन सदस्यांनी पाळावे. त्याचबरोबर, समूहाच्या कामासाठी गेलेल्यास जे प्राप्त होईल ते त्याने समूहास द्यावे. स्वतःहून न दिल्यास त्याच्याकडून अकरापट वसूल करावे. समूहाचे द्रव्य हरण करणाऱ्यास सर्वस्वहरण आणि हद्दपारी अशी शिक्षा सांगितली आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी येथे लिहिली. पुढे हा ग्रंथ महाराष्ट्रात प्रमाण मानला गेला.

कात्यायनाने आणखी एक पाऊल टाकले आहे. दांडगाई करणारा, समूहात फूट पाडणारा आणि समूहद्रव्याचा नाश करणारा यांस दूर करावे आणि तसे राजास कळवावे, असे तो म्हणतो. राजाची अनुमती आधी घ्यावी असे नव्हे, तर कृती झाल्यावर वर्दी द्यावी, असा याचा अर्थ होतो. पदच्युतीचा हा अधिकार निवडीच्या पद्धतीपेक्षाही अधिक मोलाचा मानावा लागेल.

मतदानाने श्रेणीप्रमुख निवडल्याचे वर्णन मात्र या ग्रंथांत नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील लेखांत घड्यात चिठ्ठ्या टाकून समित्या निवडण्याचे सविस्तर नियम आहेत. परंतु ती ग्रामसभा होती, श्रेणी नव्हे.

शेटे-महाजन

मराठा काळात पेठेचा प्रमुख शेटे आणि त्याचा जोडीदार महाजन असे. पेठ वसविणे, उदिमी लोकांस आणून स्थिर करणे, सरकारी पट्टीची वसुली करणे ही त्यांची कामे होती. त्याबद्दल हक्क आणि मानपान मिळत. हे पद वतनी असल्याने त्यास वारसाहक्क लागे. वतने विकलीही जात. योग्यता पाहून कार्यचिंतक नेमण्याची स्मृतींतील कल्पना येथे मागे पडली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आज आढळणारी शेट्ये आणि महाजन ही आडनावे या पदांचीच खूण होत.

ऑनलाइन खेळांतील गिल्ड

ऑनलाइन भूमिका-खेळांत गिल्डचा प्रमुख, त्याखालील अधिकारी, जुने सदस्य आणि नवशिके अशी उतरंड असते. मोहिमा आखणे, नवे सदस्य घेणे, मिळालेली सामग्री वाटणे आणि सामाईक कोठार सांभाळणे ही अधिकाऱ्यांची कामे होत.

प्रमुखपदाचे नियम खेळागणिक भिन्न आहेत. ‘लिनिएज’ (१९९८) या कोरियन खेळात केवळ राजपुत्र वा राजकन्या हे पात्र घेणाऱ्यासच संघ स्थापता येई. म्हणजे येथेही जन्मच आडवा आला. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये (१९९७) प्रत्येक सदस्य कोणा एकाप्रती निष्ठा जाहीर करी आणि सर्वाधिक निष्ठा मिळविणारा प्रमुख ठरे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) प्रमुख स्वेच्छेने पद दुसऱ्यास देऊ शकतो, खेळाच्या रचनेत निवडणुकीची सोय नाही. त्यामुळे ज्या गिल्डांना निवडणूक हवी असते त्या आपसांतील करारावर ती घेतात, आणि हरलेल्या प्रमुखाने पद सोडणे हे सर्वस्वी त्याच्या शब्दावर अवलंबून राहते. प्रमुख दीर्घकाळ अनुपस्थित राहिल्यास अन्य सदस्याने पद मागण्याची तरतूद पुढे करण्यात आली.

‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) या आइसलँडमधील खेळात संघास कंपनीचे रूप असून नवा प्रमुख निवडण्यासाठी भागांच्या प्रमाणात मते मोजली जातात. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांचा ‘एक सभासद, एक मत’ हा दंडक नेमका याच्या उलट आहे. याच खेळात २००८ पासून सर्व खेळाडूंच्या मतदानाने एक प्रतिनिधी मंडळ निवडले जाते. ते कोणत्याही एका संघाचे नसून निर्मात्या कंपनीस सल्ला देते.

अधिकार एका हाती असण्याचा धोका याच खेळात २००९ मध्ये दिसून आला. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य आघाडीतील एक संचालक प्रतिपक्षास मिळाला आणि आपल्या पदाचे अधिकार वापरून त्याने संपूर्ण आघाडीच विसर्जित केली. त्यासाठी त्याला कोणा सहकाऱ्याच्या संमतीची गरज पडली नाही.