‘अंगिका’ ते ‘शरीर’ : चंद्रलेखा यांची नृत्यरचना आणि तिचा प्रेक्षक

नाटकाची संहिता वाचता येते, संगीताचे स्वरलेखन करता येते. समकालीन नृत्याची नवी रचना मात्र बहुधा नर्तकांच्या शरीरातच घडते आणि तिथेच जतन होते. तिला ओळखीच्या कथेचा आधार नसतो, त्यामुळे ती पाहताना प्रेक्षकालाही काही सवयी सोडाव्या लागतात. भारतात या दोन्ही गोष्टींची कसोटी ज्यांच्या कामातून ठळकपणे लागली, त्यांत चंद्रलेखा यांचे नाव अग्रभागी आहे.

चंद्रलेखा यांचा जन्म १९२८ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वाडा येथे झाला. कायद्याचे शिक्षण सोडून त्या मद्रासला गेल्या आणि कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. १९५२ मधील त्यांचे अरंगेत्रम रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होते. यमुनेच्या विपुल जलाचे वर्णन अभिनयातून साकारत असतानाच त्यांना भेगाळलेल्या जमिनीची छायाचित्रे आठवली. रंगमंचावरचे पाणी आणि बाहेरचा दुष्काळ यांतील ही विसंगती त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. ‘नवग्रह’ (१९७२) या रचनेनंतर त्या सुमारे बारा वर्षे रंगमंचापासून दूर राहिल्या. लेखन, भित्तिचित्रे व स्त्री-चळवळीचे काम यांत त्यांनी हा काळ घालवला.

त्यांचे पुनरागमन मुंबईत झाले. १९८४ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌समध्ये भरलेल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंवादात त्यांनी आपल्या जुन्या रचनांतील अंश सादर केले. पुढच्याच वर्षी ‘अंगिका’ आली. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिल्याचेच नाव या रचनेत घुमते. भरतनाट्यम, केरळची कलरीपयट्टू ही युद्धकला आणि योग यांना चंद्रलेखा यांनी एकाच रंगमंचावर आणले. हा तीन शैलींचा मेळ सजावटीसाठी घातलेला नव्हता. पाठीच्या कण्यातून उगम पावणारी ऊर्जा या तिन्हींच्या मुळाशी आहे, असा त्यांचा विचार होता. दागिने, देवदेवता, विरहिणी नायिका आणि गोड स्मितहास्य हे सारे त्यांनी बाजूला सारले. उरली ती अडवूंची भूमिती, जमिनीवर घट्ट रोवलेले पाय आणि श्वास.

अशी रचना घडवण्याची रीतही वेगळी असते. पारंपरिक पद्धतीत साहित्य व ताल आधी ठरलेले असतात आणि नर्तकी त्यांत अर्थ भरते. येथे एखादी हालचाल पुनःपुन्हा करून, तिचा वेग कमी करून, तिच्यातील अनावश्यक भाग गाळून अर्थ शोधला जातो. कलरीच्या पवित्र्यात वाढलेला देह आणि अरैमंडीत वाढलेला देह यांना एकमेकांचे वजन समजेपर्यंत तालमी चालतात. चंद्रलेखा यांच्यासोबत प्रकाशयोजनेची बाजू सदानंद मेनन सांभाळत, तर दृश्यकलेच्या अंगाने दशरथ पटेल यांचा सहभाग असे. ‘लीलावती’ (१९८९) या रचनेला भास्कराचार्यांच्या त्याच नावाच्या गणितग्रंथातील कोड्यांचा आधार होता. गणिताचे श्लोकही नाचता येतात, हे तिने दाखवले.

या कामाचे स्वागत एकमुखी झाले नाही. परंपरेच्या अनेक अभ्यासकांनी, याला भरतनाट्यम म्हणावे का, असा प्रश्न केला. कथा कोणती आणि भक्ती कुठे आहे, ही पृच्छाही झाली. दुसऱ्या बाजूला, देवळाच्या व सभागृहाच्या चौकटीत अडकलेल्या देहाला त्यांनी मोकळे केले, असे मानणारा वर्ग तयार झाला. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीने सर्जनशील नृत्यासाठी त्यांना पुरस्कार दिला. पुढे अकादमीची रत्नसदस्यताही त्यांना मिळाली.

हा वाद सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो ‘शरीर’ (२००१) या त्यांच्या अखेरच्या रचनेत. गुंदेचा बंधूंच्या ध्रुपद गायनावर एक स्त्री आणि एक पुरुष अत्यंत संथ गतीने हालचाल करतात. तिशानी दोशी आणि शाजी जॉन यांनी ही रचना अनेक वर्षे सादर केली. पुढे काय घडणार, याची वाट पाहणाऱ्याला पहिली काही मिनिटे जड जातात. ती ओलांडली की पायांच्या कोनातून उमटणारा त्रिकोण, पाठीची कमान, दोन देहांमधील अंतर हेच घटना वाटू लागते. स्त्रीदेह येथे पाहण्याची वस्तू राहत नाही. तो स्वतःच्या गतीचा स्वामी असतो आणि ती गती मान्य करणे प्रेक्षकाला भाग पडते. कित्येकांना अस्वस्थ करणारी गोष्ट नेमकी हीच होती.

डिसेंबर २००६ मध्ये चंद्रलेखा यांचे चेन्नईत निधन झाले. ‘शरीर’चे प्रयोग त्यानंतरही झाले. लिखित संहिता नसलेली कलाकृती तिच्या कर्तीच्या पश्चात टिकते, ती नर्तकांच्या स्नायूंत आणि पाहणाऱ्यांच्या स्मृतीत. म्हणून नव्या नृत्यरचनेसमोर बसताना ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न थोडा वेळ मागे ठेवावा. आपला श्वास नर्तकाच्या श्वासाशी जुळतो का, हे आधी पाहावे. अर्थ त्यामागून येतो.