'कोरस' : शब्दाचा उगम आणि अर्थ

'गीताचा कोरस सर्वांनी म्हणावा' असे सांगितले जाते, तेव्हा प्रत्येक कडव्यानंतर येणारे ध्रुवपद आपल्याला अभिप्रेत असते. 'मागे चांगला कोरस हवा' असे म्हटले जाते, तेव्हा मात्र मुख्य गायकाला साथ देणारा समूह अभिप्रेत असतो. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे लाभले आणि आपल्या उपासनेशी त्याचा संबंध काय, हे आपण येथे थोडक्यात पाहू.

या शब्दाचे मूळ ग्रीक 'खोरोस'मध्ये आहे. लॅटिन भाषेत त्याचे 'कोरुस' झाले आणि तेथून तो युरोपातील भाषांत पसरला. ग्रीकांच्या दृष्टीने खोरोस म्हणजे केवळ गायन नव्हे. समूहाने गात गात केलेले नृत्य आणि ते करणारा समूह, असे दोन्ही अर्थ त्यात होते. इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्स नगरीत डायोनिसस देवतेच्या उत्सवात ५० जणांचा समूह स्तुतिगीते गात नाचत असे. शोकांतिकेतील खोरोस आरंभी १२ जणांचा होता. नाटककार सोफोक्लीसने तो १५ जणांचा केला, असे परंपरा सांगते. सुखात्मिकेत ही संख्या २४ होती. त्यांच्या नृत्याच्या जागेला 'ऑर्केस्ट्रा' म्हणत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की खोरोसमधील माणसे नगरातीलच नागरिक असत. खोरोसला नाटकातील एक पात्रच मानावे, असे तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या 'काव्यशास्त्रा'त म्हटले आहे.

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा हा शब्द पवित्र शास्त्रात आला. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन निघाली आणि इतर स्त्रिया नाचत तिच्यामागे गेल्या (निर्गम १५:२०), तेथे हाच शब्द योजला आहे. स्तोत्र १५० मध्ये डफ व नृत्य यांसह देवाची स्तुती करण्यास सांगितले आहे, तेथेही तोच आहे. पुढे दुसऱ्या शतकाच्या आरंभी, हौतात्म्यासाठी रोमकडे नेले जात असताना अंत्युखियाचे बिशप संत इग्नाशियस यांनी इफिस येथील ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. तुम्ही सर्वांनी मिळून एक खोरोस व्हावे आणि एका सुरात पित्याचे गीत गावे, अशी विनंती त्यांनी त्यात केली. त्यांच्या मनातील गायकवृंद म्हणजे संपूर्ण श्रद्धावंत समाज होता.

कालांतराने हा अर्थ आकुंचित झाला. चौथ्या शतकातील लावदिकीया येथील धर्मपरिषदेने मंदिरात गाण्याचा अधिकार नियुक्त गायकांपुरता ठेवला. मंदिरात वेदीजवळ गायक व धर्मगुरू जेथे बसत, त्या भागालाही हेच नाव मिळाले. इंग्रजीतील 'क्वायर' हा शब्द याच लॅटिन शब्दापासून, फ्रेंच भाषेमार्गे आला. दुसरीकडे, लोकगीतांत एकाने कडवे गावे आणि सर्वांनी मिळून पुढची ओळ उचलावी, अशी रीत होती. सर्वांनी म्हणावयाच्या त्या ओळीलाच 'कोरस' म्हणू लागले. अशा रीतीने समूहाचे नाव गीताच्या भागाला मिळाले.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी सूर धरतात. 'ध्रुव' म्हणजे स्थिर. कडवी बदलतात, ध्रुवपद मात्र कायम राहते, म्हणूनच ते सर्वांच्या ओठी बसते.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात गायकवृंदांना उत्तेजन द्यावे असे सांगितले. त्याचबरोबर गायनयुक्त विधीत सर्व श्रद्धावंतांना आपला वाटा उचलता यावा, याची काळजी घेण्यासही बजावले. मिस्सामध्ये प्रतिसाद-स्तोत्राच्या वेळी आपण ओळ परत म्हणतो, तेव्हा हाच जुना अर्थ जिवंत होतो. गायकवृंद सुरेल गात असताना मंदिर मात्र मुके राहिले, तर कोरस अपुराच राहतो.

नव्या करारात 'खोरोस' हा शब्द एकदाच येतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात थोरला भाऊ शेतातून परततो आणि घरातील वाद्यांचा व नृत्याचा आवाज ऐकतो (लूक १५:२५). तो रागावून बाहेरच थांबतो. आत ये म्हणून त्याची समजूत घालायला पिता स्वतः बाहेर येतो. पुढच्या रविवारी ध्रुवपदाची वेळ येईल, तेव्हा आपण आत आहोत की दाराशी उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.