सचिनचं जुनं ट्रम्प कार्ड सापडलंय? ते किती जुनं आहे, असं ओळखा

गणपतीत किंवा मे महिन्यात रत्नागिरीतलं घर साफ करताना माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा सापडतो. त्यात गोट्या, बिल्ले आणि क्रिकेटची ट्रम्प कार्ड्स असतात. सचिनचं कार्ड दिसलं की पहिला प्रश्न हाच, हे नक्की कधीचं?

बऱ्याच ट्रम्प कार्डांवर छपाईचं वर्ष नसतं. पण सामने, धावा, शतकं, सर्वोच्च धावसंख्या असे आकडे असतात, कारण खेळच त्यावर चालायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरच्याचं कार्ड. कार्डाचं वय सांगतात तेही हेच आकडे.

कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या बघा

- १७९ : वेस्ट इंडिजविरुद्ध, नागपूर, डिसेंबर १९९४
- २१७ : न्यूझीलंडविरुद्ध, अहमदाबाद, ऑक्टोबर १९९९
- नाबाद २४१ : ऑस्ट्रेलियाविरुद्ध, सिडनी, जानेवारी २००४
- नाबाद २४८ : बांगलादेशविरुद्ध, ढाका, डिसेंबर २००४

मग वनडेचे आकडे

सचिनचं पहिलं वनडे शतक सप्टेंबर १९९४ मध्ये, ७९व्या सामन्यात आलं. त्यामुळे वनडे शतकांपुढे शून्य असेल तर आकडे त्याआधीचे. नाबाद १८६ ही खेळी नोव्हेंबर १९९९ ची, हैदराबादची. नाबाद २०० फेब्रुवारी २०१० ची, ग्वाल्हेरची.

समजा, कार्डावर कसोटीत २१७ आणि वनडेत नाबाद १८६ आहे. म्हणजे आकडे नोव्हेंबर १९९९ ते जानेवारी २००४ या काळातले.

२०० कसोटी, १५,९२१ धावा आणि ४६३ वनडे, १८,४२६ धावा हे आकडे पूर्ण कारकिर्दीचे. सचिन १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निवृत्त झाला, त्यामुळे असं कार्ड त्यानंतरचंच.

इथे फसू नका

आकडे फक्त एवढंच सांगतात की कार्ड त्याआधीचं असू शकत नाही. जुनेच आकडे ठेवून नंतर छापलेलं मात्र असू शकतं.

खेळाडूच्या सुरुवातीच्या काळातल्या कार्डाला संग्राहक 'रूकी कार्ड' म्हणतात आणि त्याला जास्त भाव असतो. जपानचा निवृत्त बेसबॉलपटू इचिरो सुझुकीचं १९९३ चं बीबीएम कंपनीचं कार्ड असंच ओळखलं जातं. म्हणून कोणी 'सचिनचं १९८९ चं पहिलं कार्ड' विकायला आणलं, तर आधी मागची बाजू वाचा. पदार्पण १५ नोव्हेंबर १९८९ चं, कराचीतलं. नाबाद १८६ छापलेलं कार्ड त्या वर्षीचं असूच शकत नाही.

कोकणातल्या पावसात जपायचं कसं?

दमट हवेत पुठ्ठा फुगतो, बुरशी धरते. कार्ड ओल्या फडक्याने पुसू नका, रबरबँड लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कोपरे शाबूत आणि कार्ड न दुमडलेलं असेल, तरच संग्राहक चांगली किंमत देतात.