रंग आधी की ठसा आधी? लालसर नाण्यांची गोष्ट

तुमच्या गल्ल्यात पाच रुपयांचं एखादं नाणं लालसर किंवा निळं-जांभळं झालेलं सापडलं, की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, अशा नाण्यांचे लाखो मिळतात!" ही आशा काही आजची नाही. ती समजून घ्यायला आपल्याला १९४३ सालच्या अमेरिकेत जावं लागेल.

युद्धासाठी तांबं हवं होतं. म्हणून त्या वर्षी अमेरिकी टांकसाळीने एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. अशी सुमारे ११० कोटी नाणी पडली. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या काही चकत्या यंत्रसामग्रीत अडकून राहिल्या असाव्यात. त्यांच्यावर १९४३चा ठसा बसला आणि मोजकी 'तांब्याची' नाणी बाहेर पडली. त्यातलं एक १९४७ मध्ये एका शाळकरी मुलाला सुट्ट्या पैशांत मिळालं. २०१९ मध्ये ते लिलावात २ लाख ४ हजार डॉलरला गेलं.

ही टांकसाळीची खरी चूक. पण मधल्या काळात अफवा पसरली, की हेन्री फोर्ड अशा नाण्याच्या बदल्यात नवी मोटार देतात. मग काय, कुणी पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा चढवला, कुणी १९४८ मधला ८ तासून त्याचा ३ केला. या नाण्यांची पारख करणाऱ्यांनी रंगाकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी चुंबक: पोलाद चिकटतं, तांबं नाही. मग वजन: पोलादी नाणं सुमारे २.७ ग्रॅम, तांब्याचं ३.११. तासलेला ८ या दोन्ही चाचण्यांतून सुटतो. तिथे भिंग घेऊन आकड्याचं वळण बघावं लागतं.

रंगावर एवढा अविश्वास का? कारण रंग नंतरही येतो. तांबं असलेल्या नाण्यावर हवेतला ऑक्सिजन आणि गंधकाची संयुगं यांमुळे अतिशय पातळ थर बसतो. थर जाड होत जातो तसा प्रकाशाच्या खेळामुळे रंग पिवळसर, मग जांभळट, मग निळा दिसू लागतो. शिवाय ओल्या मातीत ब्रासमधलं जस्त आधी निघून जाऊ शकतं आणि मागे तांब्याचा लाल पृष्ठभाग उरतो. नाणं तेच असतं, फक्त कातडी बदललेली असते.

आता थोडी गुंतागुंत. टांकसाळीत चकती ठशाखाली जाण्याआधी भट्टीत तापवून मऊ करतात. तिथे काही बिघडलं तर चकती आधीच काळवंडते आणि ठसा त्या रंगावर बसतो. म्हणजे खरा प्रश्न क्रमाचा आहे: रंग आधी की ठसा आधी? उत्खननात आपण मातीचे थर वाचतो, तसंच हे. पण दोन्ही नाणी वरवर सारखी दिसू शकतात. त्यामुळे नुसता फोटो बघून कोणी छातीठोक निकाल देत असेल, तर सावध व्हा.

आपल्याकडे पाच रुपयांच्या नाण्याने धातू बदललाय. १९९२ पासून तांबं-निकेल, वजन ९ ग्रॅम. २००७ मध्ये स्टेनलेस स्टील. २००९ पासून निकेल-ब्रास, वजन सुरुवातीला ६ ग्रॅम. यातलं फक्त स्टीलचं चुंबकाला चिकटतं. तेव्हा तुमचं २०१५चं लालसर नाणं चुंबकाला चिकटलं नाही, वजन ६ ग्रॅमच्या आसपास भरलं आणि लाली कडेकडून आत फिकट होत गेली, तर ती हवापाण्याची करामत समजा. चिकटलंच, तर ते दुर्मिळ आहे असं म्हणण्याआधी बनावट तर नाही ना, हे बघा.

हे एवढं सांगण्याचं कारण सरळ आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी लोकांकडून शुल्क, कमिशन उकळलं जातंय, आणि बँक असे व्यवहार करत नाही. 'नाणं विकायचंय ना, आधी नोंदणीचे पैसे भरा' असं कुणी म्हणालं, की तिथेच फोन ठेवा.

आणि हो, ते लाल नाणं चिंच लावून घासू नका. विकायचं नसलं तरी त्यावरचा थर हा त्याच्या प्रवासाचा पुरावा आहे, आणि एकदा घासला की तो परत मिळत नाही.