सात हजारांची पेढी

साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात गेलं ते लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्या फौजा या शिवारात भिडल्या. मुबारिजखान मारला गेला, आसफजाही राज्याचा पाया घातला गेला आणि निजामाने विजयाची आठवण म्हणून गावाला फतेखेर्डा असं नाव दिलं. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिलं. फौजांनी तुडवलेल्या त्या रानात पुन्हा पेरायला बियाणं कोणी उधार दिलं, हे कुठल्याही बखरीत नाही. गाव पुन्हा उभं करणाऱ्या दुकानदाराची नोंद इतिहास ठेवत नाही, आणि ही उणीव मला नेहमी खटकत आली आहे.

म्हणून आज तुम्ही, साखरखेर्ड्याच्या पेठेत कृषी केंद्र चालवणारे, एका दुकानदाराला भेटायला मागच्या काळात निघाला आहात. लव्हाळ्यावरून चिखली, मग बुलडाणा, धाड, शिवना, अजिंठा. घाट उतरला की फर्दापूर, आणि थोडं पुढे वाघूरकाठचं वाकोद, तालुका जामनेर.

तुम्ही पोहोचता तेव्हा साल आहे १८८७. मारवाडातल्या आगोलाई गावाहून दुष्काळाने बाहेर काढलेलं एक जैन कुटुंब पाण्याच्या शोधात इथवर आलं आहे. अजिंठ्याच्या डोंगरातलं पाणी वाघूर नदी खाली आणते; ते बघून ही माणसं थांबतात. पाणी नाही म्हणून मुलूख सोडावा लागला, ही गोष्ट या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणार आहे. ती ऐकत मोठा होणारा मुलगा इथेच १२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मेल. त्याचं नाव भवरलाल हिरालाल जैन.

आता १९६३. तुम्ही जळगावात आहात. समोरून रॉकेलचे डबे लादलेली हातगाडी येते आणि रॉकेलचा तो उग्र वास तुम्हाला आधी गाठतो. खेड्यापाड्यांत अजून वीज नाही, चिमणी आणि कंदील याच तेलावर जळतात. गाडीमागचा तरुण मुंबईहून वाणिज्य आणि कायदा शिकून आला आहे. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हाताशी आली होती. आई गौराबाईंनी वेगळी वाट दाखवली. शेतकऱ्याच्या, मुक्या जिवाच्या उपयोगी पडेल असं काही कर, असं त्यांचं सांगणं होतं. घरातल्या तीन पिढ्यांनी मागे टाकलेली पुंजी सात हजार रुपये होती. त्यातून रॉकेलची एजन्सी उभी राहिली.

तुम्ही व्यापारी आहात, तेव्हा सात हजारांचं वजन तुम्हाला समजावून सांगायला नको. ही रक्कम बुडाली तर एका माणसाची बुडत नाही, आजोबांची काटकसर आणि आईचा शब्दही त्याबरोबर बुडतो. त्या गाडीजवळ थोडा वेळ थांबा. या माणसाच्या पुढच्या सगळ्या हिशेबांत घर आणि धंदा अशा दोन वह्या कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. त्यांची ताकदही यातच होती आणि जोखीमही.

रॉकेलपाठोपाठ खतं आली, बियाणं आलं, औषधं, ट्रॅक्टर, पाइप आले. काळही तसाच होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी बाजारात आली आणि शेतकरी पहिल्यांदाच घरचं बी सोडून दुकानातल्या पिशवीवर विश्वास ठेवू लागला. त्या पिशवीवर कोणाचा हात आहे, हे महत्त्वाचं ठरू लागलं. शेती हा भविष्य असलेला व्यवसाय आहे, हे वाक्य भवरलालजींनी आपल्या पेढीचं ब्रीद केलं. शेतकऱ्याचा मुलगा शेतीपासून पळायला लागला होता, त्या दिवसांत हे म्हणायला धाडस लागत होतं.

१९७८ मध्ये या. केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना लिलावात निघाला आहे. बोली तीस लाखांची. तुम्हाला आतून ओरडावंसं वाटतं की नका घेऊ, पण भवरलालजी तो घेतात. केळीची भुकटी बाजूला राहते आणि तिथे पपेन तयार होऊ लागतं. पहाटे शेतात जाऊन बघा: झाडावरच्या कच्च्या पपईला बारीक चिरा दिल्या जातात, पांढरा चीक भांड्यात ठिबकतो. तो वाळवून, शुद्ध करून औषधांसाठी आणि खाद्यपदार्थांच्या उद्योगासाठी परदेशी जातो. जळगावच्या शेतकऱ्याला तोवर पपई म्हणजे परसातलं झाड एवढंच माहीत होतं. आता तिच्या चिकाला गिऱ्हाईक मिळालं. आजवर जो दुकानदार शेतकऱ्याला माल विकत होता, तो आता शेतकऱ्याचा माल विकत घेऊ लागला. पुढे पांढऱ्या कांद्यातही त्यांच्या कंपनीने हेच केलं: लागवडीआधी करार, किमान भावाची हमी, बाजार चढला तर शेतकऱ्याला चढा भाव. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. देणग्या देणारे व्यापारी आपल्याकडे पुष्कळ झाले. गिऱ्हाइकाच्या पिकाची जबाबदारी घेणारे फार थोडे.

आता १९८० चं दशक सरत आलं आहे आणि तुम्ही केळीच्या बागेत उभे आहात. विहिरीने तळ गाठलाय. बागवान पिढ्यान्‌पिढ्या पाटाने मोकाट पाणी देत आलाय. वाफा तुडुंब भरला, पायाला चिखल लागला, की त्याचं समाधान. त्याच्यासमोर भवरलालजींच्या कंपनीने ठिबकच्या काळ्या नळ्यांचं जाळं पसरलं आहे. मुख्य पाइप, त्याला सबमेन, सबमेनला लॅटरल, लॅटरलवर ड्रिपर. झाडाच्या मुळाशी थेंब पडतो आणि ओल बोटभर पसरते. बाकीची जमीन कोरडी. एवढ्या थेंबावर घड पोसेल का, असं तो विचारतो, आणि त्याचं विचारणं अगदी रास्त आहे.

त्याला पटतं ते जाहिरातीने नाही. कंपनीचा कृषी पदवीधर पुन्हा येतो. वाळूचा फिल्टर का धुवायचा, क्षाराने ड्रिपर तुंबला तर नळीतून आम्ल किती सोडायचं, खत व्हेंच्युरीतून कसं द्यायचं, हे बांधावर बसून दाखवतो. नंतर त्याच बागेत ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपं येतात, ज्यांना आज सगळे जी-नाइन म्हणतात. दीड वर्ष लागणारं पीक वर्षाच्या आत-बाहेर हाती येऊ लागतं. जैन इरिगेशन ही कंपनी १९८६ ची. पण तिचा पाया अशा बांधांवर घातला गेला. ठिबकचा संच विकून दुकानदार मोकळा होत नाही, त्याचं काम तिथून सुरू होतं, हे तुम्ही इथे शिकून घ्या.

नव्वदचं दशक तुम्हाला आवडणार नाही. कंपनी अर्थपुरवठा, संगणक, ग्रॅनाइट अशा आपल्या नसलेल्या धंद्यांत शिरली आणि तोट्यात गेली. भवरलालजींनी भागधारकांपुढे आपली चूक जाहीरपणे कबूल केली, ते धंदे सोडले आणि पुन्हा पाणी, पाइप, फळं यांकडे वळले. पेठेत पत जाते ती तोट्याने नव्हे, तोटा लपवण्याने.

या सगळ्या काळात घर कोणी धरलं होतं? पत्नी कांताबाईंनी. एकत्र कुटुंब, येणारं-जाणारं माणूस, अशोक, अनिल, अजित आणि अतुल हे चार मुलगे. चौघेही पुढे याच उद्योगात आले. २००५ मध्ये कांताबाई गेल्या. त्यांच्या माघारी भवरलालजींनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिलं. हजारो माणसांना काम देणारा उद्योजक आपल्या संसाराविषयी मोकळेपणाने लिहितो, हे मराठीत क्वचित घडलं आहे. गिरणा नदीवरच्या बंधाऱ्याला आणि नेत्रालयाला कांताईंचं नाव आहे. पाण्यावाचून देशोधडीला लागलेल्या घराने आपल्या सुनेच्या नावाने नदीवर बंधारा घालावा, याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

आता जळगावबाहेरच्या जैन हिल्सवर चढा. इथे एकेकाळी खडकाळ माळ होता. समतल चर खणले, बांध घातले, पावसाचं पाणी तळ्यांत अडवलं, आणि त्यावर बागा उभ्या राहिल्या. २००८ मध्ये पद्मश्री आली. गरीब घरच्या मुलांसाठी अनुभूती नावाची मोफत शाळा निघाली. २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते याच टेकडीवर गांधीतीर्थ हे संग्रहालय खुलं झालं. धनाचा मालक स्वतःला विश्वस्त समजतो, हा गांधीजींचा विचार तिथल्या दालनांत आहे. तुम्ही तो आधीच पपईच्या शेतात आणि केळीच्या बागेत पाहून आला आहात. कविवर्य ना. धों. महानोर भवरलालजींचे जिवलग स्नेही होते. महानोरांचं पळसखेड वाकोदपासून लांब नाही, आणि दोघांचंही वेड पाणी हेच होतं.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत भवरलालजींचं निधन झालं. अंत्यसंस्कार जैन हिल्सवर झाले. लोक त्यांना मोठे भाऊ म्हणत.

तुम्हाला टेकडी घेता येणार नाही, कारखानाही नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तुम्ही विकलेले ठिबकचे संच कोणाकोणाच्या शेतात आहेत, हे तुमच्या वहीत लिहिलेलं आहे. या आठवड्यात त्यातल्या एकाच्या बांधावर जा. फिल्टर उघडून बघा, लॅटरलची टोकं सोडून धुऊन द्या, आणि माल निघाला की तो कुठे विकायचा, हेही त्याच्याशी बोला.