उजनीच्या पोटातलं गाव

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, पण किनारा आहे! पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की डावीकडे अधूनमधून पाणी दिसायला लागतं. हे उजनीचं बॅकवॉटर. हिवाळ्यात कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, येताना चिलापीचं ताट हाणायचं आणि घरी. मीही बरेच वीकएंड हेच केलंय. पण हा किनारा जेमतेम ४५ वर्षांचा आहे आणि त्याच्या पोटात गावं आहेत.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमाकाठची काळी कसदार जमीन आणि तिच्यावरची गावं पाण्यात गेली. पुणे-सोलापूर रेल्वेचा जुना मार्गसुद्धा हलवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला रेल्वे पूल मग करमाळ्याकडे जायचा रस्ता झाला. जुनं पळसदेवही बुडालं, नवं हायवेलगत वसलं. पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ मात्र तळाशी तसंच उभं आहे.

आता थोडं गणित (सवय जात नाही). उजनीत एकूण पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे अर्ध्याहून जास्त. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणून 'उजनी मायनसमध्ये' अशा बातम्या येतात. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. पळसनाथ उघडा पडला, लोक चालत दर्शनाला गेले.

आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. पांढऱ्या मातीची घरं पाण्यात विरघळून गेली. काळी मात्र उन्हाळ्यात थोडीशी परत येते. पाणी हटलं की त्या गाळात लोक गाळपेर करतात. देऊळ दगडाचं, म्हणून फोटो त्याचाच निघतो. ज्यांचं घर विरघळलं त्यांनी फोटो कशाचा काढायचा?

गंमत म्हणजे ग्रीसमध्ये अगदी अस्संच एक गाव आहे. कालिओ. डोंगरातलं जुनं गाव, अथेन्सला पाणी हवं म्हणून मोर्नोस धरणात गेलं, तेही उजनीच्याच सुमारास. आणि २०२४ च्याच दुष्काळात तिथल्या घरांच्या भिंती वर आल्या. तिथली घरं दगडाची, म्हणून निदान भिंती तरी दिसल्या.

पाण्याने अजून एक गोष्ट केली. नदीच्या दोन काठांमध्ये एवढं पाणी पसरलं की समोरचा करमाळा तालुका लांब गेला. रस्त्याने भलामोठा वळसा, नाहीतर लाँच. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. पळसनाथाचे फोटो सगळीकडे फिरत होते त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. तळ उघडा पडला होता, तरी माणसं बुडण्याइतकं पाणी होतंच.

आणि पाणी कुणाचं? २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूरला उचलायचा आदेश निघाला. कारण दिलं होतं की पुण्याकडून वाहत येणारं सांडपाणी धरणात येतं, तेवढंच उचलू. सोलापूरकर खवळले, महिन्याभरातच आदेश रद्द! सोलापूरकरांचं म्हणणं चूक नाही, धरण त्यांच्या शेतीसाठी बांधलं. पण ज्यांची काळी-पांढरी दोन्ही तळाशी गेली, त्यांनी काठावर बसून पाणी नुसतं बघायचं, हेही पटत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढं खरं की या भांडणात पुणेकर साळसूदपणे बाजूला राहतात. वरची धरणं आमची, आम्ही पिणार आणि खाली सोडणार ते सांडपाणी. त्याच पाण्यातले फ्लेमिंगो बघायला परत आम्हीच जाणार.

असो. पुढच्या वेळी भिगवणला गेलात तर बोटवाल्या काकांना पक्ष्यांची नावं विचाराच, पण त्यांचं मूळ गाव कुठलं तेही विचारा. हात दाखवतील तिकडे नुसतं पाणी असण्याची शक्यता बरीच आहे.