दिनविशेष : कल्याणच्या राजाचा खून

अक्षय्य तृतीया म्हणजे महात्मा बसवेश्वरांची जयंती. बसवेश्वर ज्याचे मंत्री होते, त्या राजाची अखेरही या दिवशी आठवायला हवी.

हा राजा बिज्जल, कलचुरी घराण्यातला. त्याच्या घराण्याचे ठाणे आजच्या सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढा. चालुक्यांचा मांडलिक असलेल्या बिज्जलाने ११६२च्या सुमारास धन्यालाच बाजूला सारून कल्याणचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे, सिंहासन बळकावले. असे मिळवलेले राज्य सुखाने नांदणे कठीणच होते.

त्यातच बसवेश्वरांच्या अनुभवमंटप या धर्मसभेत सर्व जातींचे शरण, म्हणजे त्यांचे अनुयायी, एकत्र बसू लागले. ब्राह्मण मधुवय्यांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांचे लग्न लागले, तेव्हा सनातन्यांनी राजाचे कान भरले. परंपरा सांगते, की बिज्जलाने दोन्ही व्याह्यांना हत्तीच्या पायाला बांधून, फरफटत नेऊन ठार मारले. लग्न लावले म्हणून देहदंड! हा शुद्ध अन्याय होता.

कल्याण पेटले. बसवेश्वर कुडलसंगमला गेले, शरण पांगले आणि ११६७-६८च्या सुमारास बिज्जलाचा खून झाला. लिंगायत कथांत मारेकरी जगदेव आहे. जैन कथांत राजाला विष दिले जाते. या कथा नंतरच्या काळात लिहिल्या गेल्या, हे ध्यानात ठेवावे.  लिंगायत आणि जैन दोघांनीही एकमेकांची बाजू जरूर वाचावी.

बिज्जलानंतर त्याचा मुलगा सोविदेव गादीवर आला. पंधरा-वीस वर्षांतच कलचुरींची कल्याणवरील सत्ता संपली.